इसालेचं पान

समजा, तुम्हाला एका बाईच्या जमिनीची हद्द चोरायची आहे.

काम वाटतं तेवढं अवघड नाही. किबो डोंगराच्या या उतारावर हद्दीला दगड नसतो, तारही नसते. असते ती इसालेची रांग. माणसाच्या उंचीची, लांब तकतकीत पानांची झाडं, कुणाच्या तरी खापरपणजोबांनी लावलेली. इसालेचं एक बरं असतं, फांदी तोडून कुठेही खोचा, ती जगते. तर तुम्ही पावसाची वाट बघायची. बाई परगावी गेली असेल तर फारच छान. तिच्या केळीच्या बागेत थोडं आत शिरायचं आणि फांद्या खोचत जायचं. कोवळ्या घ्यायच्या नाहीत, जून आणि जाड बुंध्याच्या घ्यायच्या, म्हणजे नवी रांग जन्मापासून तिथेच असल्यासारखी दिसते. मग जुनी रांग काढायची. एकदम नाही. रस्त्यावरून दिसत नाही त्या टोकाकडून सुरुवात करायची. आज एक झाड, काही दिवसांनी दुसरं. खड्ड्यात शेण, वर केळीचा वाळका पाला. दोन पावसाळे उलटले की तुमची हद्द पक्की.

आता उलटं समजा. हद्द चोरीला गेली आहे आणि ते तुम्हाला लोकांना पटवून द्यायचं आहे. गाय चोरीला गेली तर रिकामा गोठा दाखवता येतो. हद्द चोरीला गेली तर काय दाखवणार? तिथे तर हद्द आहेच.

आइकारुवाच्या वाट्याला हे दुसरं काम आलं होतं.

पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. तिचं माहेर खाली मैदानात, जिथे माती भुरी आणि वारा कोरडा. लग्न होऊन वर म्रुवेनी गावात आली तेव्हा सासरच्या बायका तिला 'खालची' म्हणायच्या. खालचीला केळीची पिलं कुठली ठेवायची आणि कुठली काढायची कळायचं नाही, पाटाच्या पाण्याची पाळी लक्षात राहायची नाही. ती शिकली. गायीसाठी मैदानातून डोक्यावरून गवत आणायला मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यात ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि चढावर गातही असायची. चर्चच्या गायकवृंदात जाड आवाजाच्या रांगेत ती पहिली उभी राहिली ती अजूनही तिथेच.

तिला मुली दोन. धाकटी मांका चालायला लागली न लागली तोच तापानं गेली. म्रुवेनीत माणूस मेल्यावरही आपल्याच केळीत निजतो, तशी मांकाही रस्त्याकडच्या बाजूला, मोठ्या केळीखाली निजली. पुढे नवरा एलीआमानी गेला, तो तिच्या शेजारी. त्याच्या कबरीवर सिमेंटचा क्रूस आहे. मांकाच्या कबरीवर नुसते गोल दगड, आइकारुवानं नदीतून वेचून आणलेले.

थोरली जॉयस मोशी शहरात. तिला जुळं झालं आणि अंगात रक्त उरलं नाही, म्हणून आइकारुवा महिनाभरासाठी गेली आणि दोन पावसाळे अडकली. निघताना दिराला सांगून गेली होती.

"भावजी, कबरींवरचं गवत तेवढं काढत जा."

"हे सांगावं लागतं का वहिनी?" कुंडाएली म्हणाला होता. "एलीआमानी माझा भाऊ होता. तुम्ही नातवंडं सांभाळा."

परत आली त्या दिवशी पिशवी दारात टाकली आणि खुरपं घेऊन ती सरळ कबरींकडे निघाली. वाटेत इसालेची रांग आडवी आली. तिला वाटलं, चुकलोच आपण, वय झालं. ती मागे फिरली, घराच्या दारात गेली आणि पुन्हा पहिल्यापासून चालत आली. पुन्हा रांग. पानांच्या फटीतून पलीकडे सिमेंटचा क्रूस दिसत होता.

कुंडाएली अंगणात कोयत्याला धार लावत होता. शेजारी रेडिओ चालू.

"भावजी, कुंपण कुणी हलवलं?"

"कुठलं कुंपण?"

"आपल्यामधलं."

"कुंपण चालतं होय वहिनी?" त्यानं वर न बघता विचारलं. "मोशीच्या हवेनं डोकं फिरलेलं दिसतंय."

"मग एलीआमानी तुमच्या बाजूला कसा?"

"भाऊच आहे माझा. आला असेल भावाकडे."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान थोडा चिडतो, असं आइकारुवाला आजवर वाटायचं.

कारण तिला पाटावर कळलं. शेजारीण तुमाइनी तिथे भांडी घासत होती. तुमाइनी तिची लग्नापासूनची मैत्रीण. तिच्या तोंडाला कुंपण कधी नव्हतंच.

"मोशीचा एक जण येतो गाडीतून," तुमाइनी म्हणाली. "डोंगर चढायला येणाऱ्या गोऱ्यांसाठी लॉज बांधायचंय त्याला. रस्त्याला लागून जागा हवी. तुझा दीर जागा देणार."

"आणि कबरी?"

तुमाइनीनं भांडं उलटं घातलं. "पाहुण्यांना न्याहारी करताना कबरी बघायला आवडत नाही म्हणे. उकरून तिकडे खाली हलवणार आहेत. मानानं हलवू, असं तुझा दीर म्हणाला."

तेव्हापासून आइकारुवाच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. पहिलं फावडं पडायच्या आत.

तिनं जुन्या जागेवरचा पाला बाजूला करून खणलं. इसालेची मुळं नारिंगी असतात, माती झटकली की हळकुंडासारखी दिसतात. सरळ रेषेत, जिथे रांग होती तिथे, ती अजून मातीत होती. टोपलीभर मुळं घेऊन ती ग्रामसेवकाकडे गेली. त्यानं टोपलीत डोकावून पाहिलं.

"मुळं बोलत नाहीत, जॉयसची आई."

"बोलली असती तर तुम्ही ऐकलं असतं का?"

तरी तो पाहणीला आला. कुंडाएलीच्या मोटरसायकलवर, त्याच्याच मागे बसून. पाहणी लवकर आटोपली, जेवण आटपायला वेळ लागला. भाजलेल्या बकऱ्याचा धूर कुंपणावरून आइकारुवाच्या चुलीपर्यंत आला. जाताना ग्रामसेवक तिच्या दारावरून ओरडून सांगून गेला, "हद्द जुनीच दिसते हो!"

राहिली तंटा समिती. तिथे तारीख पडायची आणि पुढे जायची. एकदा समितीच्या शिपायानं तिला बाजूला घेतलं. "असं रिकाम्या हातानं काय येता? अध्यक्षांच्या चहाचं काय?"

पुढच्या तारखेला आइकारुवा घरून थर्मास घेऊन गेली. आलं घातलेला, भरपूर दुधाचा चहा. अध्यक्षांच्या टेबलावर तिनं तो ठेवला आणि कपसुद्धा पुसून दिला. "साहेब, तुम्हाला चहा लागतो म्हणे." तिनं हे भोळेपणानं केलं की मुद्दाम, यावर म्रुवेनीत अजून वाद आहे. तुमाइनीनं विचारलं तर ती म्हणाली, "चहा चांगला झाला होता." तारीख मात्र पुन्हा पुढे गेली.

रविवारी चर्च सुटलं की ती कुंपणाशी गुडघे टेकायची. पानांतून हात आत घालून एलीआमानीच्या डोक्याकडचं गवत उपटायची. मांकाच्या दगडांपर्यंत हात पोचायचा नाही. खांद्यापर्यंत हात घुसवला, गाल बुंध्याला घासला गेला, तरी बोटं दगडांच्या अलीकडेच थांबायची. तिथलं गवत वाढत चाललं होतं. आणि ती तिथेच, हात आत असतानाच, रुवाची, देवाची, प्रार्थना करायची. मोठ्यानं नाही, शेजारणीशी बोलावं तसं.

"रुवा, मी तुला त्याचे पाय मोड म्हटलं होतं. ते मागे घेते. त्याला लेकरं आहेत. पण तुला काही करायचं असेल तर आता कर. सिमेंटची पोती आलीत, मी बघितली. त्यांनी पोती ताडपत्रीखाली ठेवलीत, म्हणजे पावसाच्या आधी सुरू करणार. तू सगळं बघतोस असं आम्ही गातो. मी तर पहिल्या रांगेत उभी राहून गाते. मग नुसतं बघू नकोस."

शेवटी एक तारीख पक्की झाली. आदल्या दिवशी दुपारी ती गायीसाठी केळीचा खांब चिरत होती. पाटाच्या वाटेवरून काठीचा आवाज आला. म्हातारा किमाम्बो येत होता, एलीआमानीचा चुलता, भावकीतला सगळ्यात वडील माणूस. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छातीशी उभं धरलेलं एक हिरवं पान. पानाला मध्ये गाठ मारलेली.

आइकारुवाच्या हातातला कोयता खाली आला.

इसालेचं झाड हद्द राखतं आणि इसालेचं पान भांडण मिटवतं, हे म्रुवेनीतलं लेकरूही जाणतं. ज्यानं चूक केली तो पान पाठवतो. ज्याला पान येतं त्यानं क्षमा करायची असते. नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्या घरांच्या गोष्टी बायका अजून दबक्या आवाजात सांगतात, कुणाची गाय वांझ राहिली, कुणाचा मुलगा परत आला नाही.

"सूनबाई," किमाम्बो म्हणाला, "इसाले आलंय."

"कुणाकडून, काका?"

"कुंडाएलीकडून." त्यानं वाकून पान उंबरठ्यावर ठेवलं. वाकताना त्याच्या तोंडाला म्बेगेचा, केळी-नाचणीच्या दारूचा वास आला. "उद्या समितीसमोर उचल. त्याची तशी इच्छा आहे."

"कशाची क्षमा मागतोय तो?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता.

"ते तू मला आधी विचारायचं नसतं, पोरी. पाठवणारा मला सांगतो, मगच मी पान हातात धरतो. तू ते उचललंस की तुला विचारायचा हक्क आहे. चारचौघांत. तेव्हा मी सांगतो, एकदाच."

"हल्ली कुणी विचारतं का?"

"नाही. हल्ली पान घेतात, गळ्यात पडतात आणि प्यायला बसतात." तो हसला. "मलाही बोलवतात."

तिथून तो सरळ कुंडाएलीच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं त्याचं खोकत हसणं कुंपणापलीकडून ऐकू आलं. कुणीतरी त्याचं भांडं पुन्हा भरत होतं.

तुमाइनी धावतच आली. उंबरठ्यावरचं पान बघून थबकली.

"टाक गायीपुढे!"

"तुमाइनी!"

"अगं, कळतंय का तुला? उद्या तू हे उचललंस की अध्यक्ष म्हणणार, समेट झाला, खटला संपला. पान घेतलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही. हद्द तिथेच राहणार. परवा फावडं लागेल तुझ्या मांकाला."

"आणि नाही उचललं तर?"

तुमाइनी शिव्या सगळ्यांना द्यायची, पण पानावरून पाय टाकून आत यायची तिची हिंमत झाली नाही. ती मागच्या दारानं आत आली.

"काकांना त्यानं काय सांगितलं असेल?" आइकारुवानं विचारलं.

"काय सांगणार? बोलताना कडू शब्द गेला, माफ कर. असंच काहीतरी गुळमुळीत. आणि समज, खरं सांगितलं असेल, तरी तो म्हातारा कुणाची पितोय ऐकतेस ना?"

आइकारुवा ऐकत होती.

ऊन उतरायच्या आत ती कुंपणाशी गेली. हात आत घातला. पण प्रार्थना सुचेना. उचललं तर मांका गेली. नाही उचललं तर गाव गेलं, आणि कदाचित मोशीतली ती दोन जुळीही, कुणी सांगावं. मधली वाट एकच होती. आधी क्षमा करायची, सगळ्यांसमोर, परत न घेता येणारी. आणि मग एका प्यायलेल्या म्हाताऱ्यानं तोंड उघडायची वाट बघायची.

"रुवा," ती शेवटी म्हणाली, "तुझा धंदा फार उधारीवर चालतो."

सकाळी ती पान सुपात ठेवून घेऊन गेली, हात न लावता. समिती चर्चमागच्या अंगणात, मोठ्या झाडाखाली बसली होती. टेबल, त्यामागे अध्यक्ष आणि दोन सभासद. समोर गवतावर भावकीतले पुरुष, मागे बायका. कुंडाएली नवा कोट घालून पुढे बसला होता. किमाम्बो कुठेही दिसत नव्हता.

तिनं सूप जमिनीवर ठेवलं.

"वा, इसाले आलंय म्हणजे आमचं काम संपलं," अध्यक्ष म्हणाले. "उचला आणि मिटवा. मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

"दुसऱ्या चहाला," मागून तुमाइनी पुटपुटली. बायका तोंडाला हात लावून हसल्या.

"पान आणणारे काका आले नाहीत," आइकारुवा म्हणाली.

कुंडाएलीनं मान हलवली. "काकांना बरं नाही वहिनी. काल जरा जास्त झाली त्यांना. झोपू द्या म्हाताऱ्याला."

"पान समोर आहे," अध्यक्ष म्हणाले. "माणसाची काय गरज?"

पुरुषांत कुजबुज झाली. एक जण न उठता म्हणाला, "आणणारा असावा लागतो, साहेब."

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. शिपायानं नुकताच त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला होता. त्यांनी कप उचलला. "ठीक आहे. हा चहा संपेपर्यंत थांबतो."

आइकारुवानं आयुष्यात कधी कुणाच्या चहाकडे इतकं बघितलं नव्हतं. अध्यक्ष गरम चहा पिणारे निघाले. एक मोठा घोट. मग शेजारच्या सभासदाशी काही बोलले. मग दुसरा. तिची नजर पाटाच्या वाटेकडे जायची आणि कपाकडे परत यायची. वाटेवर एक कोंबडी होती. कुंडाएली तिच्याकडे बघत नव्हता. तो सुपातल्या पानाकडे बघत होता, आणि तिच्या लक्षात आलं, त्यानं पाय सुपापासून लांब ओढून घेतलेत. समितीला न घाबरणारा हा माणूस त्या पानाला घाबरत होता.

कप टेबलावर रिकामा ठेवल्याचा आवाज झाला.

"बोला, जॉयसची आई. उचलता की नाही?"

वाट रिकामी होती. कोंबडीही गेली होती. आइकारुवानं कमरेला गुंडाळलेला कांगा घट्ट केला, सुपाशी वाकली आणि पान दोन्ही हातांनी उचललं.

"मी क्षमा केली," ती म्हणाली. "कुंडाएली, माझ्या नवऱ्याचा भाऊ, मी तुला क्षमा केली. रुवा ऐकतोय."

मागे तुमाइनीनं हुंदका दिला, की शिवी दिली, ते कळलं नाही.

"छान! समेट झाला," अध्यक्ष उठत म्हणाले. "प्रकरण बंद. हद्द आहे तिथे—"

"अजून नाही," आइकारुवा म्हणाली. "मला विचारायचंय. पान कशासाठी होतं?"

"कडवटपणासाठी!" कुंडाएली घाईनं म्हणाला. "तुम्हाला मी वाकडं बोललो असेन वहिनी, त्यासाठी."

"तुम्ही माझ्याशी बोलताच कुठे? मी मोशीहून आल्यापासून तुम्ही एकदा हसलात फक्त." दोघेतिघे हसले. "मी तुम्हाला विचारत नाहीये, भावजी. आणणाऱ्याला विचारतेय. मी थांबते."

"थांबा मग. समिती थांबणार नाही." अध्यक्षांनी खुर्ची मागे सारली.

पण गवतावरचे पुरुष उठले नाहीत. बायकाही नाहीत. नुसते बसून राहिले. अध्यक्ष थोडा वेळ उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. पान उचललं गेलं होतं आणि उत्तर बाकी होतं. अशा वेळी उठून जाणं कुणालाच नको होतं.

मग काठीचा आवाज आला.

किमाम्बो येत होता. अंगावरचा शर्ट उलटा, दाढीला आंबट दूध लागलेलं. त्याचा दंड धरून त्याला चढावर आणत होती कुंडाएलीची बायको.

कुंडाएली उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं होतं त्यांना—"

"गप्प बसा," त्याची बायको धापा टाकत म्हणाली. "पान आपल्या घरातून गेलंय. ते अर्धवट राहिलं तर कुणाच्या पोरांवर येईल? तुमच्या अध्यक्षांच्या?" सकाळपासून ती म्हाताऱ्याला दूध पाजून शुद्धीवर आणत होती, हे नंतर कळलं.

म्हाताऱ्यानं सायीच्या डोळ्यांनी आइकारुवाच्या हातातलं पान शोधलं.

"उचललंस?"

"उचललं, काका. क्षमा केली. आता सांगा, कशाची?"

किमाम्बो काठीची मूठ इतका वेळ चाचपत राहिला की आइकारुवाला वाटलं, विसरला. म्बेगेत सगळं वाहून गेलं.

"मी त्याला विचारलं, कशासाठी?" म्हातारा हळूहळू बोलू लागला. "तो म्हणाला, कडवटपणासाठी. मी म्हटलं, कडवटपणासाठी मी काठी उचलत नाही. कडवटपणा माझ्या घरातही आहे. मग तो उठला, आत गेला, परत आला. मला ओतलं. मी प्यायलो, पण पान हातात घेतलं नाही. मग तो म्हणाला..." किमाम्बोनं कुंडाएलीच्या दिशेनं तोंड वळवलं. "बाळा, मला आता फार दिवस नाहीत. मला रुवासमोर ताठ उभं राहायचंय. तो म्हणाला, काका, हद्दीसाठी."

गवतावरचे सगळे कुंडाएलीकडे वळले.

"हे पुराव्यात धरता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "तोंडी गोष्ट. म्हातारा प्यायलेला आहे. निकाल नंतर कळवू." त्यांनी टोपी घातली आणि ते मोटारीकडे निघाले. या वेळी त्यांना कुणी थांबवलं नाही. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

आइकारुवा दिरासमोर जाऊन उभी राहिली. त्याचे पाय मोड, असं रुवाला म्हटलेलं तिला आठवलं, आणि ते मागे घेतलेलंही.

"क्षमा केली म्हणजे केली," ती म्हणाली. "ती परत घेता येत नाही आणि मी घेणारही नाही. पण उद्या सकाळी मी जुन्या जागी फांद्या खोचणार आहे. फांद्या तुम्ही तोडून द्यायच्या."

तो कोटाची बटणं सोडत घराकडे निघाला.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच पहार घेऊन खड्डे करू लागली, जिथे जिथे नारिंगी मुळं सापडली तिथे तिथे. ऊन चढलं तेव्हा कुंडाएलीची बायको आली आणि डोक्यावरचा भारा धपकन खाली टाकला.

"त्यांनीच तोडल्यात. स्वतः येत नाहीत. कंबर धरलीय म्हणे."

"काल तर बरी होती कंबर," तोवर मदतीला आलेली तुमाइनी म्हणाली.

आइकारुवानं भारा सोडला. फांद्या जून होत्या, जाड बुंध्याच्या, एकसारख्या. निवड चांगली होती. निवडायची सवयच होती त्याला.

तो पावसाळा गेला. फांद्या धरल्या. त्यानं लावलेली दुसरी रांगही अजून आहे, ती कुणी काढली नाही, कारण समितीचा निकाल अजून आलेला नाही. म्हणून आइकारुवाच्या केळीत आता दोन हद्दी आहेत आणि मधल्या पट्ट्यात एलीआमानी आणि मांका. तिथे जायला तिनं दुसऱ्या रांगेत एक फट पाडली आहे, अंग चोरून जाता येईल एवढी. कुंडाएलीला ती दिसते. तो काही म्हणत नाही. सणाला त्याच्या बायकोनं केळी-मटणाचं भांडं पाठवलं, आइकारुवानं ते रिकामं परत न देता घेवडा घालून दिलं. अध्यक्ष आहेत तिथेच आहेत. ग्रामसेवकाची बढती झाली. किमाम्बो थंडीत गेला, झोपेतच, ताठ. त्याची काठी त्याच्या मुलानं उचलली आहे, पण त्याला अजून कुणी पान दिलेलं नाही.

वादातली जागा नको म्हणून मोशीचा माणूस सिमेंटची पोती घेऊन वरच्या गावात गेला. तिथे रस्त्याला लागून एका म्हाताऱ्या बाईची केळी आहे, असं आइकारुवानं बाजारात ऐकलं.

रविवारी ती फटीतून आत जाते, मांकाच्या दगडांवरचं गवत काढते आणि गुडघे टेकते. आभार मानते. खोटे नाही, मनापासून. मग उठायच्या आधी थोडी थांबते, कारण एक गोष्ट तिला अजून विचारायची असते, आणि ती दर वेळी विचारते.

"रुवा, वरच्या गावातल्या त्या बाईच्या बाजूनं बोलायला तू कुणाला ठेवलंयस?"